पंथ सोडलेल्याला गावची माती: वसईतील एका धर्मग्रामाचे प्रकरण

कॅथलिक माणूस धर्मस्वातंत्र्याविषयी बोलतो तेव्हा बहुतेक वेळा तो ते मागत असतो. कुठे प्रार्थनागृहावर दगड पडले, कुठे धर्मांतराच्या आरोपाखाली सिस्टरांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवले, की आपण संविधानाचे 25 वे कलम पुढे करतो. ते करायलाच हवे. इथे मांडलेले प्रकरण मात्र उलट्या बाजूचे आहे. गाव आमचे, बहुमत आमचे, दफनभूमीही आमची. आणि स्वातंत्र्य हवे होते ते आमच्यातून बाहेर पडलेल्या एका घराला.

गावाचे नाव दिलेले नाही. त्या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज. मी त्या काळात धर्मग्राम परिषदेवर होतो, त्यामुळे बैठकांत काय बोलले गेले ते मी स्वतः ऐकलेले आहे.

पार्श्वभूमी

वसईच्या किनारपट्टीला सलग अशी गावे आहेत, जिथे एखाद्या आळीत दहापैकी नऊ घरांच्या दारावर क्रूस दिसतो. 1534 ते 1739 या पोर्तुगीज काळात इथला कॅथलिक समाज घडला. पोर्तुगीज गेले, समाज राहिला. आपली बोली, आपला पेहराव, आपली केळी-भाजीची शेती सांभाळत. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा विभाग, झाला. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत, गाणी मराठीत, आणि गावकीचे बहुतेक व्यवहार चर्चच्या आवारातच ठरणारे. अशा गावात चर्च ही फक्त प्रार्थनेची जागा नसते. लग्नाचा हॉल, शाळा, पतपेढीतली ओळख, मयताला लागणारी माणसे, सगळे त्याच वर्तुळातले असते. वर्तुळात असलेल्याला हा मोठा आधार आहे. बाहेर पडलेल्याला त्याच गोष्टीची धास्ती वाटते.

ज्या घराबद्दल लिहितो आहे तिथले वडील एसटीतून निवृत्त झालेले. थोरला मुलगा चर्चच्या गायकवृंदात, गावच्या मंडळातही पुढे. धाकट्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. ते दिवस या प्रकरणाचे मूळ आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. नालासोपाऱ्यातल्या एका स्वतंत्र प्रार्थनामंडळाची माणसे धाकट्याच्या बायकोच्या ओळखीने दवाखान्यात येऊ लागली. ती आळीपाळीने बसत, डबा आणत; एकदा रात्री रक्त लागले तेव्हा त्यांच्यातले तिघे उभे राहिले. धर्मग्रामाकडून महिन्याला एकदा घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) येत असे. तो नियमित आला, त्यात कसूर झाली नाही. पण दवाखान्याच्या बाकावर आमच्यापैकी कोणी बसले नाही.

आई कॅथलिक म्हणूनच गेली. गावच्या दफनभूमीत, कुटुंबाच्या कबरीत तिला माती मिळाली. त्यानंतर वडील त्या प्रार्थनामंडळाच्या सभांना जाऊ लागले, आणि वर्षभराने वडील, धाकटा मुलगा व सून यांनी तिथे पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. कॅथलिक शिकवणुकीनुसार बाप्तिस्मा, म्हणजेच स्नानसंस्कार, एकदाच होतो, तो पुन्हा होऊ शकत नाही. त्यामुळे ही गोष्ट गावाला फार लागली. घरातल्या वेदीवरची मारिया मातेची मूर्ती त्यांनी स्वच्छ टॉवेलात गुंडाळून थोरल्याच्या घरी नेऊन दिली. मूर्ती फोडली, फेकली, असे नंतर गावात बोलले गेले. ते खरे नव्हते.

तक्रार आणि बहिष्कार

रविवारी संध्याकाळी धाकट्याच्या घरी प्रार्थनासभा सुरू झाली. बाहेरून माणसे यायची, आळीत मोटारसायकली उभ्या राहायच्या, पडवीत स्पीकर लागायचा. एवढ्यावर कदाचित निभावले असते. पण सभेच्या लोकांनी आळीत पत्रके वाटली. मारिया मातेपुढे मेणबत्ती लावणे ही मूर्तिपूजा आहे आणि असे करणारा नरकात जाईल, असा त्यांचा मजकूर होता. एका आजारी विधवेला तर कोणीतरी सांगितले की तिचे दुखणे घरातल्या मूर्तींमुळेच आहे. ती बाई दोन रात्री झोपली नाही.

गावच्या मंडळाची बैठक झाली. लेखी ठराव कोणी केला नाही. तोंडी ठरले: त्या घरी जायचे नाही, त्यांना बोलवायचे नाही, मंडप त्यांचा घ्यायचा नाही. मे महिन्यातल्या लग्नांच्या ठरलेल्या ऑर्डरी एकेक करून रद्द झाल्या. चर्चच्या सणाचा मंडप इतकी वर्षे धाकट्याचाच असायचा; त्या वर्षी विरारच्या कंत्राटदाराला काम गेले. आणि त्या बैठकीत एक वाक्य बोलले गेले, जे पुढे सगळ्यांच्या तोंडी झाले: "मेल्यावर येतील ना सिमेट्रीच्या दारात, तेव्हा बघू."

गावाची बाजू नीट सांगितली पाहिजे. ही माणसे दुष्ट नव्हती. आपण संख्येने थोडे, त्यात फाटाफूट झाली तर उरणार काय, ही भीती खरी होती. आजाऱ्याच्या उशाशी जाऊन तिला भेडसावणे हा तर सरळ अपराधच. पण या रागात एक गोष्ट घडली, जिने मी अस्वस्थ झालो. गावच्या मंडळाच्या तक्रारीत शब्द होते: "आमिष दाखवून, आजारपणाचा फायदा घेऊन धर्मांतर." देशभर आमच्या सिस्टरांवर, फादरांवर, दवाखान्यांवर आणि शाळांवर केला जातो तो हाच आरोप, याच शब्दांत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात मध्य प्रदेश आणि ओडिशाचे धर्मांतरविरोधी कायदे वैध ठरवले, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. त्या निकालाने कॅथलिक समाज आजही दुखावलेला आहे. रात्री डबा घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला आपण आमिष म्हणू लागलो, तर आपल्या सेवेला दुसरे काय म्हणतील?

शिकवण काय सांगते

धर्मग्राम परिषदेत हा विषय आला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने ठामपणे सांगितले, "चुकीच्या गोष्टीला हक्क नसतो, हे आम्ही लहानपणापासून शिकलो." ते बरोबर शिकले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिक पाठ्यपुस्तकांची भूमिका साधारण तीच होती: कॅथलिक बहुसंख्य असतील तिथे राज्याने खऱ्या धर्माला संरक्षण द्यावे, इतरांना फार तर सहन करावे, आणि आपण अल्पसंख्य असू तिथे सर्वांसाठी स्वातंत्र्य मागावे. या दुटप्पीपणावर बोट ठेवणाऱ्यांत अमेरिकन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू जॉन कोर्टनी मरे हे प्रमुख होते. 1950 च्या दशकात या विषयावर लिहिणे त्यांना वरिष्ठांच्या सांगण्यावरून थांबवावे लागले, आणि पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करण्यात त्यांचाच मोठा वाटा राहिला.

तो जाहीरनामा, 'डिग्नितातिस ह्युमानी', सहजासहजी मंजूर झाला नाही. नोव्हेंबर 1964 मध्ये मतदान ऐन वेळी पुढे ढकलले गेले आणि सभागृहात असंतोष उसळला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त काँग्रेससाठी (कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यासाठी) इथे आले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी 'असतो मा सद्गमय' ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. तेव्हा वसई मुंबईच्याच धर्मप्रांतात होती. आमच्या गावातले म्हातारे अजून त्या गर्दीच्या आठवणी सांगतात. वर्षभराने, 7 डिसेंबर 1965 रोजी, 2,308 विरुद्ध 70 मतांनी जाहीरनामा संमत झाला.

त्यातला युक्तिवाद आमच्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू पडत होता. हक्क मताला नसतो, माणसाला असतो. माणसाने सत्य शोधावे, सापडले की त्याला धरून राहावे, हे त्याचे कर्तव्य कायम आहे. चर्चने सत्याचा दावा सोडलेला नाही. पण श्रद्धा ही मुक्तपणे दिलेलीच खरी, म्हणून तिच्याबाबतीत कोणावर जबरदस्ती होता कामा नये. ही जबरदस्ती कोणाकडून? जाहीरनाम्याचा दुसरा परिच्छेद व्यक्ती, सामाजिक गट आणि कोणतीही मानवी सत्ता असे स्पष्ट म्हणतो. म्हणजे केवळ सरकार नव्हे. गावचे मंडळही त्यात येते. आणि जो माणूस सत्य शोधण्याचे कर्तव्य पाळत नाही, त्याचाही हा हक्क जात नाही, हेही तिथेच लिहिले आहे.

त्याच जाहीरनाम्याचा चौथा परिच्छेद दुसऱ्या बाजूलाही बांधतो: प्रचार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिक मनधरणीचा वास येईल असे काही करू नये, विशेषतः गरीब आणि कमी शिकलेल्यांच्या बाबतीत. आजारी विधवेला घाबरवणे यात थेट बसते. म्हणजे गावाची तक्रार पूर्ण चूक नव्हती. तिला दिलेले उत्तर चूक होते.

पहिला निर्णय: बहिष्काराचे काय करायचे

परिषदेपुढे तेव्हा दोन टोके होती. काहींचे म्हणणे, गावकी वेगळी आणि धर्मग्राम वेगळा, आपण त्यात पडू नये. काहींना वाटत होते की मंडळाला उघड पाठिंबा द्यावा. आमच्यातल्या एका वकील बाईंनी मग सरळ कायदा काढला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 मध्ये विधिमंडळात संमत झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा जातपंचायतींसाठी आहे, आपल्याला कसला लागू, असे एकाने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कायद्यात जात, समाज, धर्म, पंथ असा फरक नाही, काका. उद्या त्याने पोलिसांत अर्ज दिला तर बैठकीला हजर असलेले सगळे अडचणीत येतील."

खरे तर कायद्याच्या भीतीआधी शुभवर्तमानाने आम्ही हलायला हवे होते. तसे झाले नाही.

फादरांनी एक उपयोगी गोष्ट केली: त्यांनी भांडणाचे दोन ढीग केले. स्पीकर, आळीतल्या गाड्या, पत्रके आणि आजाऱ्यांना घाबरवणे हा एक ढीग. त्यावर शेजारी म्हणून बोलण्याचा गावाला हक्क आहे. कोणाकडे काम द्यायचे, कोणाशी बोलायचे, कोणी कुठे प्रार्थना करायची हा दुसरा. त्याचा वापर दबावासाठी करता येणार नाही. मग ते दोन सभासदांना घेऊन धाकट्याच्या घरी गेले. त्याच्या वडिलांनीच दार उघडले आणि पाणी दिले. बोलणी सोपी झाली. स्पीकर बंद करायचा, सभा आठच्या आत संपवायची, गाड्या मैदानात लावायच्या, आळीत पत्रके वाटायची नाहीत, हे त्यांनी मान्य केले. विधवेबद्दल सुनेने जाऊन माफी मागितली.

गावच्या मंडळाकडे गेलेली शिष्टाई मात्र अर्धीच राहिली. "बघू, करू" असे उत्तर आले. इथे एक निर्णय घ्यायचा राहून गेला, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडला तो हाच. बहिष्कार हा कॅथलिक शिकवणुकीविरुद्ध आहे असे रविवारी मिस्सेत वेदीवरून सांगावे, असा प्रस्ताव परिषदेत आला होता. वातावरण आणखी तापेल म्हणून तो बाजूला ठेवला. सणाच्या मंडपाचे काम विरारला गेले त्याबद्दलही कोणी काही विचारले नाही. धर्मग्रामाच्या स्वतःच्या पैशाने बहिष्कारात भाग घेतला गेला आणि आम्ही मध्यस्थ म्हणवून घेत राहिलो.

मयताची रात्र

जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगडच्या बस्तरमधल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या दफनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. गावकऱ्यांनी गावात माती द्यायला विरोध केला होता. मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात होता. 27 जानेवारीला निकाल लागला. दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली, पण देह आणखी अडकू नये म्हणून दुसऱ्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. आमच्या चर्चमध्ये त्या कुटुंबासाठी प्रार्थना झाली, लोक हळहळले.

त्याच उन्हाळ्यात धाकट्याचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. संध्याकाळी सातची वेळ, अंगाला चिकटणारा उकाडा. नऊच्या सुमारास धाकटा फादरांच्या बंगल्यावर आला. त्याने एवढेच सांगितले: बाबांनी मिस्सा नको म्हणून सांगितले होते, पण आईजवळ ठेवा म्हणाले होते. आईला जाऊन पाच वर्षे होत आली होती; कबर पुन्हा उघडण्याआधी जितका काळ थांबावे लागते तो उलटून गेला होता, त्यामुळे त्या बाजूने आडकाठी नव्हती.

साडेनऊपर्यंत बंगल्याच्या फाटकाबाहेर पंचवीस-तीस माणसे जमली. कबर उघडायची नाही, हे त्यांचे म्हणणे. आत परिषदेचे जेवढे सभासद पोहोचू शकले तेवढे बसले.

पहिला पर्याय होता नकार द्यायचा आणि नालासोपाऱ्याच्या बाजूला सोय बघायला सांगायची. याच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नव्हता. दफनभूमी धर्मग्रामाची आहे. संविधानाचे 26 वे कलम आपला धार्मिक कारभार आपण चालवण्याचा हक्क देते, आणि विश्वपरिषदेचा जाहीरनामाही धर्मसमुदायांचा हा हक्क मान्य करतो. जो स्वतःहून सोडून गेला त्याच्यासाठी आपले नियम वाकवायचे बंधन कोणावर नाही.

दुसरा पर्याय थोरल्याने फोनवरून सुचवला: वडिलांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून पूर्ण कॅथलिक विधी करायचा. "शेवटी ते आमच्यातलेच होते. मिस्सा झाली की गावही गप्प बसेल." भावनेच्या भरात अनेकांना हे पटले. फादरांनी ते ठामपणे नाकारले, आणि मला वाटते त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा क्षण तो होता. चर्चच्या कायद्याचा 1183 वा नियम, दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा विधी बिशपांच्या परवानगीने करता येतो असे सांगतो, पण त्या माणसाची इच्छा उलट असल्याचे माहीत नसेल तरच. 1184 वा नियम उघडपणे श्रद्धा सोडलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारतो. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होते. फादर म्हणाले, "जिवंतपणी जे त्यांनी नको म्हटले ते मेल्यावर त्यांच्यावर लादायचे नाही. तीही जबरदस्तीच आहे."

तिसरा पर्याय: माती द्यायची, पण भिंतीलगतच्या कोपऱ्यात, निराळी. पूर्वी आत्महत्या केलेल्यांना आणि बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना अशा जागी पुरत असत. त्याबद्दल आपल्या समाजात किती जखमा आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते. हा पर्याय मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला.

उरला चौथा. विधी नाही, पण कबर कुटुंबाचीच. त्यांच्या प्रार्थनामंडळाच्या पाळकाला थोडक्यात प्रार्थना करू द्यायची.

चर्चा बराच वेळ मालकीभोवती फिरत राहिली, ती त्या जुन्या वाक्यापाशी येऊन थांबली: मेल्यावर येतील तेव्हा बघू. वकील बाई म्हणाल्या, नकार देण्याचा हक्क असेलही. पण दोन वर्षे गावाने ही कबर धमकी म्हणून वापरली आहे. आज नकार दिला तर ती धमकी आपण खरी करून दाखवली असे होईल, आणि उद्या आपल्याच घरातला कोणी मनाविरुद्ध चर्चमध्ये येत राहील, फक्त माती मिळावी म्हणून. तशी श्रद्धा आपल्याला हवी आहे का? मग कोणीतरी बस्तरचे नाव घेतले. त्यानंतर नकाराच्या बाजूने फारसे कोणी बोलले नाही.

फादरांनी बिशप हाउसला फोन लावला. तिथून मान्यता मिळाली, आणि विधी होणार नाही हे गावाला स्पष्ट कळू द्या असा सल्लाही.

एक किरकोळ वाटणारा प्रश्न राहिला होता: घंटा. धर्मग्रामातला माणूस गेला की चर्चची घंटा संथ लयीत वाजते आणि ऐकणारा हातातले काम थांबवून कोण गेले ते विचारतो. हिच्यावरून पर्यायांइतकाच वेळ गेला. घंटा संस्काराचा भाग नाही, ती गावाला दिलेली बातमी आहे, आणि हा माणूस सत्तर वर्षे या गावात राहिला, असे फादरांचे मत पडले. मला ते तेव्हाही पटले, आजही पटते. पहाटे साडेपाचला घंटा वाजली.

काय घडले

फादर स्वतः फाटकाबाहेर गेले आणि जमलेल्यांना निर्णय सांगितला. विधी होणार नाही, कबर उघडली जाईल, कोणी अडवले तर मी स्वतः तिथे उभा असेन. दोघे-तिघे आरडाओरडा करून निघून गेले, बाकीचे कुरकुरत पांगले.

सकाळी अंत्ययात्रा थेट दफनभूमीत गेली, चर्चमध्ये नाही. फादर साध्या पांढऱ्या झग्यात, स्टोल (विधीच्या वेळी गळ्यात घालायचा पट्टा) न घालता, आत एका बाजूला उभे होते. पाळकाने योहानाच्या शुभवर्तमानातला, येशूने मेलेल्या लाजराला उठवल्याचा उतारा वाचला, प्रार्थना केली, दहा मिनिटांत संपवले. त्याच्याशी सकाळी बोलणे झाले होते: प्रवचन नको, आवाहन नको. त्याने शब्द पाळला. गावच्या मंडळाचे बहुतेक पुरुष आले नाहीत. आळीतल्या बाया मात्र आल्या, हातात रोझरी (जपमाळ) घेऊन, ओठ हलवत, मोठ्याने न म्हणता. ज्या विधवेला घाबरवले गेले होते तीही त्यांच्यात होती. थोरला आला, त्याने मूठभर माती टाकली आणि भावाशी न बोलता गेला.

पुढचे महिने सुखाचे नव्हते. बिशप हाउसला फादरांविरुद्ध सह्यांचे पत्र गेले. दर महिन्याच्या पाकिटांतली वर्गणी काही काळ घटली. "आता कोणीही यावे आणि सिमेट्रीत जागा घ्यावी" अशी बोलणी झाली. तसे कोणी आले नाही. त्यानंतर एका रविवारी फादरांनी मिस्सेत जाहीरनाम्याचा दुसरा परिच्छेद वाचून दाखवला आणि सामाजिक बहिष्कार हे पाप आहे, कबुलीसंस्कारात सांगण्याचे पाप आहे, असे सांगितले. हेच दोन वर्षांपूर्वी सांगायला हवे होते.

सणाच्या मंडपासाठी धर्मग्रामाने आता लेखी दरपत्रके मागवायला सुरुवात केली. पुढच्या सणाला धाकट्याचा दर सर्वांत कमी होता आणि काम त्याला मिळाले. खासगी लग्नांची कामे अजून थोडीच येतात. त्याच्या घरच्या प्रार्थनासभा नालासोपाऱ्यातल्या भाड्याच्या हॉलमध्ये हलल्या. कोणी हाकलले म्हणून नव्हे, माणसे वाढली म्हणून. ते कुटुंब कॅथलिक चर्चमध्ये परतलेले नाही आणि परतण्याची चिन्हेही नाहीत. "मग एवढे करून मिळाले काय?" असे मला अनेकदा विचारले जाते. त्यांना परत आणण्यासाठी हे केलेच नव्हते. तसे केले असते तर कबर हे आमिष झाले असते.

परिषदेने दफनभूमीचा लेखी नियम केला. कुटुंबाची कबर असलेल्या कोणालाही, पंथ सोडला या कारणावरून, तिथे माती नाकारली जाणार नाही. चर्चचा विधी मृताच्या इच्छेप्रमाणे आणि चर्चच्या कायद्याप्रमाणेच होईल. दुसऱ्या मंडळीचा पाळक फादरांना आधी भेटून मर्यादित प्रार्थना करू शकेल. आणि कोणत्याही बैठकीत दफन हा दबावाचा विषय केला जाणार नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वात आधी, दवाखाना. डायलिसिसच्या त्या दोन वर्षांत कोणी आळीपाळीने बसले असते तर पुढचे काही घडलेच नसते, असे मी म्हणणार नाही. माणसे इतर कारणांनीही पंथ बदलतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण निदान सोडून जाताना त्यांच्या मनात एकटेपणा नसता. धर्मग्रामातल्या लहान ख्रिस्ती समूहांकडे (शेजारच्या घरांच्या गटांकडे) आता दीर्घ आजाराच्या घरांची यादी असते आणि भेटीचे वार ठरलेले असतात. काही समूह ते मनापासून करतात, काहींची यादी वहीतच राहते.

सणाच्या मंडपाचे काम गेले तेव्हाच परिषदेने आर्थिक समितीला जाब विचारायला हवा होता. गावाच्या बहिष्कारावर आपला इलाज चालत नाही हे एक वेळ समजू शकतो. स्वतःच्या चेकबुकावर तरी चालतो.

प्रार्थनामंडळाच्या पाळकाला आम्ही पहिल्यांदा भेटलो ते मयताच्या सकाळी. तो समजूतदार निघाला. पत्रकांचा वाद सुरू झाला त्याच आठवड्यात त्याच्याशी बसलो असतो, तर कदाचित त्या बाईच्या दोन रात्री वाचल्या असत्या. त्याच्याशी बोललो तर त्याला मान्यता दिल्यासारखे होईल, ही भीती आम्हाला अडवत होती. ती निराधार होती. त्याची मान्यता आमच्या हातात नव्हतीच.

नियम आधी हवा होता, ही गोष्ट तर उघड आहे. फाटकाबाहेर जमाव, घरात बर्फाच्या पेटीत देह आणि हातात फक्त एक रात्र, अशा वेळी नीट निर्णय झाला याचे श्रेय फादरांच्या स्वभावाला जाते. दुसरे फादर असते तर काय झाले असते, याची खात्री मला नाही. दुसऱ्या कोणत्या धर्मग्रामात अजून असा नियम नसेल, तर कोणाच्या मरणाची वाट न पाहता तो करून घ्यावा.

बहिष्काराच्या त्या दिवसांत आळीतल्या बायांना कोणी काही विचारले नाही. मंडळाच्या बैठकीला पुरुष, परिषदेतही बहुतेक पुरुष. नंतर कळले की त्यांच्यापैकी बऱ्याच जणी मागच्या दाराने त्या घरी जात-येत होत्या. उन्हाळ्यात लोणची, पावसाळ्यात सुकी मासळी देवाणघेवाण चालूच होती. म्हणजे बहिष्कार निम्म्या गावाने मानलाच नव्हता, आणि परिषदेला त्याचा पत्ता नव्हता.

नियमाची पुढची परीक्षा आता समोर आहे. गावातल्या एका कॅथलिक बाईचा नवरा हिंदू आहे, चाळीस वर्षांचा संसार. बायको गेल्या वर्षी वारली. त्याने अर्ज दिला आहे की आपल्यालाही तिच्याच कबरीत ठेवावे, विधी त्याची मुले ठरवतील. आमचा नियम पंथ सोडलेल्यांसाठी लिहिला होता. जो कधी आमच्यात नव्हता त्याच्याबद्दल त्यात काही नाही. तो माणूस धडधाकट आहे, त्यामुळे या वेळी हातात फक्त एक रात्र नाही. परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला ठेवला आहे, आणि अर्जदाराला स्वतः येऊन बोलायला बोलावले आहे.